‘सर, हाताला लागला’

प्रश्न :

सर, सप्रेम नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे. पोरगा बारा वर्षांचा, एका क्लबकडून तेरा वर्षांखालच्या टीममध्ये फॉरवर्ड खेळतो. मध्यंतरी त्यांची सेमीफायनल होती. शून्य-शून्य चाललेलं, शेवटची काही मिनिटं राहिलेली. कॉर्नरचा बॉल ह्याच्या हाताला, कोपराच्या जरा वर लागून आत गेला. रेफ्रीला दिसलं नाही, त्यानं गोल दिला. सगळी पोरं ह्याच्या अंगावर. हा त्यातनं सुटून थेट रेफ्रीकडं गेला आणि म्हणाला, ‘सर, हाताला लागला.’ गोल रद्द. पुढं टायब्रेकरवर हरलो. कोच सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मॅराडोना गेलता काय सांगायला?’ पुढच्या मॅचला ह्याला बाहेर बसवलं. टीममधली पोरं आता ‘हरिश्चंद्र’ म्हणून हाक मारतात. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्याही तोंडून मोठ्यानं गेलं, ‘गप की लेका, कुणी विचारलंय तुला?’ तेव्हापासून पोरगा घरात फुटबॉलचा विषयच काढत नाही. प्रॅक्टिसला जातो, येतो, एवढंच. त्याचं चुकलं का? क्लब बदलावा का? आणि पुढं त्याला काय सांगून मैदानात पाठवायचं? असला चांगुलपणा करून फुटबॉल खेळता येतो का?

— एक पालक, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रातून क्लबचं आणि स्पर्धेचं नाव मी मुद्दाम काढून टाकलंय. त्या क्लबचा पंचनामा करायचा नाही, आणि कोल्हापुरात नाव छापलं की मूळ प्रश्न बाजूला राहून पेठेचीच चर्चा सुरू होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी बरीच वर्षं शाळेत खेळ शिकवले, सुट्टीच्या दिवशी शिट्टीही वाजवली, तुमच्या गावातही वाजवली. त्यामुळे उत्तर थोडं रेफ्रीच्या बाजूनं येईल, ते चालवून घ्या.

आधी नियमाचं बघू, कारण तुमच्या कोचना आणि टीममधल्या पोरांना वाटतंय की ह्यानं हातातला गोल घालवला. 2019 पासून नियम असा आहे की बॉल गोल करणाऱ्याच्याच हाताला लागून थेट आत गेला तर तो गोल धरत नाहीत. मुद्दाम लावला की चुकून लागला, ह्याची चौकशीच नाही. हात म्हणजे कुठून? काखेच्या खालच्या टोकापासून खाली सगळा हात. त्याच्या वर खांदा, तिथं लागलेला चालतो. तुमच्या पोराच्या कोपराच्या वर लागला, म्हणजे हातच. दुसरी गोष्ट, खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफ्रीला आपला निर्णय बदलता येतो. एकदा सेंटरला बॉल ठेवून खेळ चालू झाला की नाही. पोरगा त्याच्या आत गेला. समोरच्या टीमला फ्री किक मिळाली, पोराला कार्ड मिळालं नाही, कारण त्यानं हात मुद्दाम घातलेला नव्हता. सगळं नियमाप्रमाणे झालं. जो गोल तुमचा नव्हताच, तो फळ्यावरून पुसला गेला. सेमीफायनल तुम्ही टायब्रेकरला हरलात, आणि तिथं पेनल्टी चुकवणारा दुसराच कुणीतरी असणार. त्याला कुणी नाव ठेवलेलं दिसत नाही.

आता मॅराडोना. कोल्हापुरात वर्ल्ड कपच्या महिन्यात गल्लोगल्ली अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे लागतात, तिथं कोचच्या तोंडी हाच माणूस येणार. 22 जून 1986, मेक्सिको सिटी, इंग्लंडविरुद्ध क्वार्टरफायनल. त्यानं मुठीनं बॉल आत ढकलला, ट्युनिशियाच्या रेफ्रीला दिसलं नाही, गोल झाला. नंतर त्यानं ‘देवाचा हात’ म्हणून त्याची मजाही करून टाकली. चार मिनिटांनी त्याच माणसानं अर्ध्या मैदानापासून बॉल नेत अर्ध्या इंग्लंडला चकवून दुसरा गोल केला. मी स्वतः त्या दुसऱ्या गोलचा भक्त आहे. पण पहिल्या गोलचा दाखला बारा वर्षांच्या पोराला देताना कोचनी एवढं तरी बघायचं होतं की मॅराडोनानं हात मुद्दाम घातला होता. तुमच्या पोराला चुकून लागला. म्हणजे कोच त्याला मॅराडोनापेक्षा वेगळं काहीतरी सांगत होते : तू काही केलेलं नाहीस, पण जे झालं ते लपव.

कोचना दाखलाच हवा असेल तर माझ्याकडे आहे. सप्टेंबर 2012, इटलीची लीग, नापोलीविरुद्ध लाझिओ. लाझिओकडून जर्मनीचा मिरोस्लाव क्लोज़. सामना सुरू होऊन चार मिनिटं झाली नव्हती तोच कॉर्नरवरून आलेला बॉल त्याच्या हाताला लागून आत गेला. रेफ्रीनं गोल दिला. नापोलीच्या खेळाडूंनी रेफ्रीला गराडा घातला. क्लोज़ रेफ्रीजवळ गेला आणि हाताला लागल्याचं सांगितलं. गोल रद्द. थोड्या वेळापूर्वी भांडत असलेले नापोलीचे खेळाडू त्याच्याशी हात मिळवायला आले. आणि लाझिओ ती मॅच तीन-शून्य हरली. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कारण असल्या गोष्टी सांगणारे लोक बहुतेक वेळा ते गाळतात आणि मग पोरांना वाटतं की खरं बोललं की देव पुढच्या मिनिटाला गोल देतो. देत नाही. क्लोज़ हरला, तुमचा पोरगा हरला. पुढं 2014 मध्ये क्लोज़ वर्ल्ड कपच्या तोवरच्या इतिहासात सगळ्यांत जास्त गोल करणारा खेळाडू झाला, तेव्हा त्याच्या मागं ‘हरिश्चंद्र’ म्हणणारं कुणी नव्हतं.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, त्याचं चुकलं नाही.

पण तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं आणि मला कोचपेक्षा तुमचंच एक वाक्य जास्त खटकलं. ‘खरं सांगायचं तर’ असं म्हणून तुम्ही ते मध्येच टाकलंय आणि पुढं गेलाय. रेफ्री म्हणून मैदानात उभं राहिल्यावर एक गोष्ट रोज दिसते, ती बाहेरून दिसत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा पास चुकला, बॉल पायाखालून गेला, की ते पहिल्यांदा बॉलकडं बघत नाही. कोचकडंही नाही. ते रेषेबाहेर कुठंतरी एका ठरावीक जागी बघतं. तिथं त्याचा बाप किंवा आई उभी असते. शंभर माणसं ओरडत असली तरी त्यातला घरचा आवाज पोराला वेगळा ऐकू येतो. तुमच्या पोरानं गोल झाल्यावर, सगळे अंगावर असताना, अवघड काम केलं. त्यानंतर लगेच त्याच्या कानावर पहिलं काय आलं? कोच नंतर बोलले. पोरांनी हरिश्चंद्र नंतर म्हटलं. पहिले तुम्ही बोललात. पोरगा घरात फुटबॉलचा विषय काढत नाही तो कोचमुळे असेल तर प्रॅक्टिसला तरी कशाला गेला असता? मैदानात तो जातो आहे. गप्प आहे तो घरात.

म्हणून क्लब, कोच, पुढची मॅच हे सगळं नंतर. आधी त्याच्याशी बोला. गाडीवर नको, मागं बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या पोराला उत्तर द्यायचं नसलं तरी उतरून जाता येत नाही. जेवताना सगळ्यांसमोरही नको. तो एकटा असेल तेव्हा सांगा : ‘त्या दिवशी मी ओरडलो ते चुकलं. तू सांगितलंस ते बरोबर होतं.’ एवढंच, आणि थांबा. ‘पण’ म्हणून पुढं काही जोडू नका. ‘पण आपण हरलो ना’, ‘पण एवढी घाई करायची गरज नव्हती’, असलं काही आलं की आधीची दोन्ही वाक्यं पुसली जातात. त्याच्याकडून उत्तराची अपेक्षाही ठेवू नका. तो ‘हं’ म्हणून उठून जाईल. जाऊ द्या.

आणि उलट टोकही नको. पोराचा फोटो स्टेटसला लावून ‘प्रामाणिकपणाला सलाम’ वगैरे अजिबात लिहू नका. नातेवाइकांसमोर त्याला उभं करून तो किस्सा सांगायला लावू नका. त्याला टीममध्ये परत मिसळायचं आहे, आणि संताला कुणी पास देत नाही.

कोचचं काय? त्यांना भेटा, जरूर भेटा. मॅचच्या दिवशी नको, मैदानात नको, आणखी चार पालक गोळा करून तर मुळीच नको. एकटे जा, आणि एकच प्रश्न विचारा : पुढच्या मॅचला पोराला बसवलं ते खेळामुळं, की त्या गोलमुळं? खेळामुळं असेल तर विषय संपला. फॉरवर्डला बसवणं हा कोचचा हक्क आहे, आणि तुम्हाला पटलं नाही तरी तो मानायचा. त्या गोलमुळं असेल तर शांतपणे विचारा, पुढच्या वेळी अशी वेळ आली तर पोरांनी काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे? हे त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं की बरेच जण स्वतःच थबकतात. लहान वयाच्या टीमचे कोच बहुतेक वेळा आपल्याच क्लबचे जुने खेळाडू असतात, नोकरी सांभाळून येतात, आणि वर क्लबच्या मंडळींचा ‘ट्रॉफी आली का?’ हा धोशा असतोच. हरल्यावर रागात एक टोमणा गेला म्हणून माणूस वाईट ठरत नाही. टोमण्यासाठी क्लब सोडू नका. कोच पोरांना पेनल्टीसाठी पडायला शिकवत असतील, समोरच्या चांगल्या प्लेयरला ‘घे अंगावर’ म्हणून सांगत असतील, रेफ्रीला आईबहिणीवरून बोलत असतील, तर मग दुसऱ्या दिवशी नाव काढून घ्या. 2019 पासून रेफ्री कोचलाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवू शकतो. ही वेळ आपल्या कोचवर वारंवार येत असेल तर तुम्हाला वेगळी चौकशी करायची गरज नाही.

पालकांना मात्र कार्ड नसतं. रेषेबाहेर उभ्या असलेल्या बापाला रेफ्री काही दाखवू शकत नाही. फार तर मॅच थांबवू शकतो, नाहीतर बंद करू शकतो. आणि रेफ्री म्हणजे कोण? तेरा वर्षांखालच्या मॅचला बहुधा कॉलेजचा पोरगा असतो, नुकती रेफ्रीची परीक्षा देऊन शिट्टी हातात घेतलेला, थोडक्या मानधनावर दिवसातून तीन-चार मॅच पळणारा. लाईनमन असतातच असं नाही. कॉर्नरच्या गर्दीत कुणाच्या हाताला काय लागलं हे त्याला दिसलं नाही ह्यात नवल काही नाही. त्या दिवशी तुमच्या पोरानं त्याला एका चुकीतून वाचवलं. पुढच्या मॅचला तो दिसला तर त्याला हात करा, नाव विचारा. ज्या रेफ्रीचं नाव आपल्याला माहीत असतं त्याला शिवी देणं जड जातं, हे माझं निरीक्षण आहे.

तुम्ही म्हणाल, सर, हे बोलायला सोपं, पण आमच्याकडं इर्षा असते. असते की. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ, पाटाकडील आणि शिवाजी तरुण ह्या त्यांच्या टीम, शाहू स्टेडियमचा भरलेला कट्टा, बाहेर पोलिसांचा बंदोबस्त : भारतात फार थोड्या गावांत लोक गल्लीतल्या टीमसाठी एवढे पेटतात, आणि मला ते आवडतं. ह्याच मातीतला अनिकेत जाधव 2017 मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. इर्षा नसती तर कोल्हापुरात फुटबॉल एवढा टिकलाच नसता. पण त्याच स्टेडियमबाहेर हाणामाऱ्या झाल्या, सामने अर्ध्यात थांबले, हेही तुम्ही-आम्ही बघितलंय. ती मोठ्यांची इर्षा निदान मोठ्यांनी आपापसात ठेवावी. तेरा वर्षांखालच्या मॅचला ती आणली की बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर अख्खी पेठ बसते, आणि तेवढं ओझं घेऊन पोरगा पळू शकत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, पुढं त्याला काय सांगायचं. इथं मी तुमच्या पोराची थोडी बाजू सोडणार आहे. त्यानं दर वेळी पळत जाऊन कबुलीजबाब द्यावा असं मी म्हणणार नाही. थ्रो-इन कुणाचा, कॉर्नर की गोलकिक, शेवटचा पाय कुणाचा लागला, हे ठरवणं रेफ्रीचं काम आहे. मॅचमध्ये असे प्रसंग सतत येतात आणि अर्ध्या वेळा पोरांना स्वतःलाच नक्की ठाऊक नसतं. तिथं गप्प राहायचं, निर्णय आपल्या बाजूनं आला तरी आणि विरुद्ध आला तरी, हात न उडवता. रेफ्रीनं सरळ विचारलं तर मात्र खोटं बोलायचं नाही. आणि स्वतःच्या हातानं गोल झाला, किंवा कुणी हात न लावता आपण पडलो आणि रेफ्रीनं पेनल्टी दिली, तर सांगायचं. कारण हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि त्यानं मॅच ठरते.

सांगूनही रेफ्री ऐकेलच असं नाही. 1997 मध्ये लिव्हरपूलचा रॉबी फाउलर आर्सेनलच्या मैदानावर असाच पडला, उठून हातवारे करत ‘पेनल्टी नाही, नाही’ म्हणाला, तरी रेफ्रीनं पेनल्टी दिलीच. फाउलरनंच ती मारली, आर्सेनलचा गोलकीपर सीमननं अडवली, परत आलेल्या बॉलवर लिव्हरपूलच्याच दुसऱ्या खेळाडूनं गोल केला. असं झालं तर झालं. पोरानं आपलं सांगितलं, निर्णय रेफ्रीचा, पुढं खेळायचं.

चांगुलपणा म्हणजे बुळचट खेळणं नव्हे, हेही त्याला सांगा, आणि स्वतःलाही. खांद्याला खांदा लावून ढकलणं नियमात बसतं. बॉलवर घातलेला जोरदार टॅकल बसतो. हेडरला समोरच्यापेक्षा उंच उडणं बसतं. पोरानं हे सगळं पूर्ण ताकदीनं करावं. समोरचा पडला तर हात देऊन उठवावं आणि पुढच्याच बॉलला पुन्हा तेवढ्याच ताकदीनं भिडावं. दोन्ही एकत्र करणारी पोरं मी बघितली आहेत. बाहेरच्या माणसांना त्यांचं आश्चर्य वाटतं, मैदानातल्या पोरांना नाही.

‘असला चांगुलपणा करून फुटबॉल खेळता येतो का’ ह्याचं एक हिशोबी उत्तरही आहे. 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये जपान आणि सेनेगल एकाच गटात बरोबरीत अडकले. गुण सारखे, गोल सारखे, आपसातली मॅचही दोन-दोन. शेवटी पिवळी कार्डं मोजली : जपानची चार, सेनेगलची सहा. जपान पुढं गेला, सेनेगल घरी. पण त्याच जपाननं शेवटच्या मॅचमध्ये, पोलंडविरुद्ध एक गोलनं मागं असताना, दुसरीकडचा निकाल आपल्या सोयीचा आहे हे कळल्यावर शेवटची दहा मिनिटं नुसता बॉल आपसात फिरवत वेळ काढला, आणि लोकांनी निषेधाच्या शिट्ट्या मारल्या. नियम एकही मोडला नाही, कार्डंही कमी. तरी ते खेळणं मला काही चांगलं वाटलं नाही. पोराबरोबर बसून ती मॅच बघा आणि त्याला काय वाटतं ते विचारा. तुमचं मत आधी सांगू नका.

राहता राहिलं ‘हरिश्चंद्र’. टीममधली पोरंही बारा-तेरा वर्षांची आहेत, सेमीफायनल गेली आहे, त्यांचा राग खोटा नाही. नाव काही दिवसांत आपोआप विरेल किंवा चेष्टेतलं टोपणनाव होऊन राहील. त्यात मोठ्यांनी पडू नये. फक्त एक करा : एखाद्या दिवशी प्रॅक्टिसला थोडं लांब, पोराला दिसणार नाही असे उभे राहा आणि बघा, त्याला पास मिळतात का. मोकळा उभा असताना बॉल मुद्दाम दुसरीकडं जात असेल, तर ती चेष्टा राहिली नाही, आणि ते कोचच्या कानावर घालायचं. पास मिळत असतील तर घरी या.

ता. क. मध्ये तुम्ही विचारलंय, पोराचं मन रमावं म्हणून नवे बूट घेऊ का. त्या प्रसंगाचं बक्षीस म्हणून असतील तर नकोत. पोरं असलं लगेच ओळखतात. पण जुने अंगठ्याला लागत असतील तर ह्याच आठवड्यात घ्या, ह्या वयात पाय भराभर वाढतात. फार मोठे घेऊ नका, बोटापुढं थोडीच जागा पुरे. आणि आपल्याकडच्या कडक मातीच्या मैदानावर लांब स्टडचे बूट टोचतात, दुकानदार भारीतले काढून दाखवेल तरी छोट्या रबरी स्टडचेच घ्या.